पिवळ्या पिठाच्या शंकरपाळ्या

नोकरी लागल्याचा फोन आला तेव्हा मी आखातात, अल बर्शातल्या आमच्या हॉलमध्ये एकटीच नाचले. वय चव्वेचाळीस, गुडघा जरा कुरकुरतो, पण नाचले. नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत. समोरच्या बिल्डिंगच्या काचा पुसायला दोघं जण दोरावर लटकले होते, त्यांनी सगळं पाहिलं आणि हात केला. मीही केला. चौदा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर 'हाउसवाइफ' असा शिक्का घेऊन बसलेली बाई मी, मला आता लाजायचं काय होतं?

लग्नाआधी मी लॅबमध्ये होते, रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचे. त्या जोरावर देऱ्यातल्या एका संशोधन केंद्राने मला घेतलं. हुद्दा होता 'कम्युनिटी कोऑर्डिनेटर', आणि पुढे कंसात 'प्रोबेशन'. तो कंस माझ्या डोळ्यात कुसळासारखा खुपायचा. तीन महिने नीट गेले तर कंस जाणार, नाहीतर मीच जाणार, असं सरळ सांगितलं होतं. नवरा म्हणाला, होईल गं सगळं, इन्शाल्ला. मी म्हटलं, इन्शाल्ला म्हणू नकोस, आपला एसीवाला पण तेच म्हणतो आणि येत नाही.

काम मोठं मजेचं होतं. आपल्या लोकांची साखर इथे येऊन वाढते, हे काही मी नव्याने सांगायला नको. उन्हाळ्यात चालायला बाहेर पडता येत नाही, मॉलमध्ये चालायला गेलं की माणूस फूड कोर्टात पोचतो. तर आमच्या डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं, की रोजच्या पोळीचं पीठ बदललं तर साखर उतरते का. बाई मूळच्या अम्मानच्या, बारीक अंगाच्या, बोलणं कमी आणि भुवया जास्त. दोन प्रकारचं पीठ तयार झालं होतं. एक साधं गव्हाचं, दुसऱ्यात बरंच काही घातलेलं. पाकिटं सारखी, फक्त एकावर निळी चिठ्ठी, दुसऱ्यावर पिवळी. कुठलं कुठलं ते मलाही माहीत नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही नव्हतं. ते एका बंद लखोट्यात होतं. घरांनी बारा आठवडे आपापल्या रंगाचं पीठ खायचं, आधी आणि नंतर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायची, बस.

घरं मिळवणं हे माझं काम. त्यात मी जी काही मजल मारली म्हणता! आमच्याच रांगेतल्या तीन बिल्डिंगा, त्यातली वीस मराठी घरं, प्रत्येकात कोणीतरी साखरेच्या काठावर उभं असलेलं. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंना मी आधी गाठलं. त्या हो म्हणाल्या की बाकीच्या बायका हो म्हणतात, हे इथल्या कोणालाही विचारा. काकूंच्या काकांची साखर काठावर होती आणि त्यांनी भात सोडायला साफ नकार दिला होता. काकू म्हणाल्या, भात नाही तर नाही, पोळीतून तरी काढू या. आठवड्याभरात वीसच्या वीस सह्या माझ्या हातात. मी मेट्रोने देऱ्याला गेले ती अक्षरशः तरंगत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नियम पाळतील ना, आपल्या घरचं पीठ आपल्याच घरात? मी छाती पुढे काढून म्हणाले, मॅडम, आमच्या बायका फार शिस्तीच्या. जिभेला हाड नसतं, दुसरं काय.

आता माझ्या ओट्यावरची हकीकत सांगते, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. माझ्या नोकरीचं कळल्यावर ह्याच बायकांनी मला घरोघरून काही ना काही पाठवलं होतं. कोणाची वाटी, कोणाचा डबा, कोणाचं झाकणाचं पातेलं. कोणी चिवडा दिला, कोणी नारळाच्या वड्या. शेजारच्या दारातली माझी वसईची मैत्रीण, हॉटेलात रिसेप्शनवर काम करते, तिने तर परातभर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळून आणले, तिच्या आईच्या हातचे असतात तसे गोल गोल. खाऊन झालं. भांडी घासून ओट्यावर उलटी घातली, आणि ती मांडणी माझ्याकडे बघत बसली. रिकामं भांडं कसं परत द्यायचं? माझ्या हातून ते व्हायचं नाही. भांड्यात निदान साखरेचे चार दाणे तरी टाकायचे, हे मला कोणी शिकवलं नाही, ते हातातच आलं आहे.

त्याच आठवड्यात बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये आमची माहितीसभा झाली होती आणि दाखवायला म्हणून दोन्ही पिठांची पाकिटं मी फोडली होती. सभा संपली, पिवळ्याचं जवळजवळ सगळं पाकीट उरलं. नियमाने ते फेकायचं होतं. चांगलं पीठ फेकायचं? मी ते घरी आणलं. हात घातला तर बोटांना लगेच कळलं, हे साधं नव्हे. जरा खरखरीत, जरा जड, पाणी जास्त पिणारं. चौदा वर्षं कणीक मळलेल्या बाईला लखोटा कशाला उघडायला हवा? मी त्याच्या शंकरपाळ्या केल्या. अशा खुसखुशीत झाल्या म्हणता, की तळता तळता मुलीने मूठभर पळवल्या. आणि त्या मी सगळ्या वाट्यांतून, डब्यांतून, पातेल्यांतून वीस घरी परत पाठवल्या. काकूंनी फोन करून विचारलं, कुठलं पीठ गं हे? मी आनंदाच्या भरात सांगून टाकलं, पिवळं.

सांगून टाकलं! मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. मी फोन ठेवला आणि कढई घासायला घेतली.

चौथ्या आठवड्यात मी वजनकाटा पिशवीत घालून घरोघर निघाले. उरलेलं पीठ मोजायचं, वहीत लिहायचं, एवढंच. पहिलंच दार वसईच्या मैत्रिणीचं. तिचं पीठ पिवळं. घरात माणसं दोन, ती स्वतः हॉटेलवर जेवते, नवऱ्याला रात्री भात लागतो. आणि आठ दिवसांपूर्वी दिलेलं चार किलो पीठ साफ. मी विचारलं, अगं, खाता का अंगाला लावता? ती हसायला लागली. म्हणाली, त्याचे फुगे केले तर फुगलेच नाहीत, बसले ते बसलेच, मग उरलेलं काकूंना दिलं. काकूंना? काकूंचं तर निळं होतं. 

मी जिने चढून गेले, लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली तीन डबे. एकावर निळी चिठ्ठी, एकावर पिवळी, तिसऱ्यावर काहीच नाही. काकूंनी मला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. निळ्याच्या पोळ्या मऊ होतात, तर ते डब्याच्या पोळ्यांना. पिवळं धिरड्यांना आणि शंकरपाळ्यांना. आणि तिसऱ्या डब्यात दोन्ही निम्मं निम्मं, म्हणजे दोन्हींचे गुण एकदम मिळतात. असं फक्त त्याच करत नव्हत्या. तीनही बिल्डिंगांत निळ्यातून पिवळं, पिवळ्यातून निळं असं वाट्यांचं जाणं-येणं चालू होतं. कोणी थालीपीठ पाठवलं की त्या वाटीत दशम्या परत यायच्या. बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा निघाला होता आणि त्यात मला घेतलेलं नव्हतं, कारण मी 'ऑफिसवाली'.

मी काकूंच्या स्टुलावर बसले आणि मला हसू फुटलं. रडायचं तर हसूच फुटलं. त्या अम्मानच्या बाईंनी इतकी आखणी केली, लखोटा बंद केला, आणि इथे दुसऱ्या दिवसापासून वीस बायकांना सगळं ठाऊक! काकूही हसायला लागल्या, का ते त्यांना कळेना. मग मी सांगितलं की हा सगळा अभ्यास बाद होणार, पीठ येणं बंद होणार आणि माझा तो कंसही मला घेऊन जाणार. काकूंचं हसू तिथेच विरलं.

घरी सांगितलं तर नवऱ्याने आधी पोळीकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाला, कोणाला कळणार आहे? मुलगी डोळे न उचलता बोलली, "आई, दॅट्स चीटिंग." चौदा वर्षांची पोर, मराठीत ओरडलं तरी इंग्रजीत उत्तर देते, आणि तेही नेमकं वर्मावर. मी तिला म्हटलं, गप बस आणि ताट उचल.

दोन दिवसांनी काकूंनी मला चहाला बोलावलं. गेले तर हॉलमध्ये बायकांची दाटी, आणि टेबलावर वीस वह्या. प्रत्येक घराने पीठ किती खाल्लं ते रोज लिहायचं, त्या वह्या. सगळ्या नव्याने लिहिलेल्या. निळ्याच्या घरात फक्त निळं, पिवळ्याच्या घरात फक्त पिवळं, वजन अगदी चोख, एका ओळीतही खाडाखोड नाही. वसईची मैत्रीण नाइट शिफ्ट करून आली होती आणि न झोपता तिने सहा वह्या उतरवल्या होत्या. काकू म्हणाल्या, "हे घेऊन जा. तुझी नोकरी आम्ही जाऊ देणार नाही."

मला भरून आलं. परदेशात आपलं कोण, कोण म्हणत घालवलेल्या चौदा वर्षांचं उत्तर त्या टेबलावर रचून ठेवलं होतं. मी त्या वह्या उचलल्यासुद्धा. छातीशी धरल्या. आणि मग काकूंच्या मागे सोफ्यावर काका दिसले, टीव्ही बघत, शांतपणे निम्म्या-निम्म्या पिठाची पोळी खात. माझं डोकं असं फिरलं ना! मी म्हटलं, काकू, ह्या वह्या मी नेल्या तर माझा पगार सुरू राहील, पण तुमच्या काकांना ह्या पिठाने फरक पडला की नाही, हे कोणालाही कधीच कळणार नाही. उद्या कोणीतरी ह्या खोट्या वह्या खऱ्या धरून आणखी कोणाच्या काकांना हेच पीठ खा म्हणून सांगेल. मी जरा जास्तच मोठ्याने बोलले असेन, कारण काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.  काकूंनी वह्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हणाल्या, चहा निवतोय तुझा.

आमच्याकडे एक डेव्हिएशन फॉर्म असतो. ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं की तो भरायचा. काय घडलं, कोणाकडून घडलं, नोंद कोणी केली. मी मेट्रोत बसून तो भरला. शेख झायेद रोडवरच्या सगळ्या काचेच्या इमारती गेल्या, मी मान वर केली नाही. काय घडलं, ह्याला जागा पुरेना, मी मागच्या पानावर गेले. वाट्या, डबे, पातेली, शंकरपाळ्या, काकूंचा फोन, सगळं लिहिलं. 'कोणाकडून' ह्या रकान्यात माझं नाव. 'नोंद कोणी केली' ह्या रकान्यातही माझं नाव, पुढे हुद्दा, पुढे कंसात प्रोबेशन. निदान अक्षर तरी छान काढू म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. शंकरपाळ्या म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. शेवटी त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी वीस वर्षं हे काम करते. ह्या फॉर्मवर 'काही घडलं नाही' एवढंच वाचत आले." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "खलास." अभ्यास बंद. मात्र बायकांना हे तोंडाने सांगायचं, मेलवर नाही, म्हणून शनिवारी त्या स्वतः अल बर्शाला येणार. माझं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्या जमल्या. मी दारात उभी. डॉक्टरीणबाईंनी थोडक्यात सांगितलं, मी मराठीत आणलं. चूक घडली, पीठ मिसळलं, आता निकाल काढता येणार नाही, आभारी आहोत. संपलं असतं तिथेच. पण काकू उठल्या. काकूंचं इंग्रजी मोडकं आहे आणि हिंदी त्याहून, तरी मला मध्ये न घेता सरळ बाईंकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, चूक इसकी नहीं. आपने एक फ्लोअर पे दो कलर दिया. हमारा कटोरी तो दरवाजे से दरवाजे जाता है. बिल्डिंग को एक कलर दो, जितना घूमना है घूमेगा."

 मग बायकांनी एकदम तोंडं उघडली. एक म्हणाली, आमच्या बिल्डिंगचं तुमच्या बिल्डिंगला जात नाही का? तर दुसरी म्हणाली, उन्हात पार्किंग ओलांडून वाटी नेणार कोण, ते माझ्या सुनेला सांग. मैत्रीण म्हणाली, शेजारची बिल्डिंग सोडा, रस्त्यापलीकडच्या घ्या, तिकडे कोणीच जात नाही. कोणीतरी पाकिटामागे नकाशा काढायला लागली. शिवाय त्यांनी अटी घातल्या. पीठ आधी आम्ही मळून बघणार, पोळी होत नसेल तर ते कोणी खाणार नाही आणि खोटं लिहिलं जाईल. हे ऐकून बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाईंनी पर्समधून वही काढली आणि लिहायला बसल्या. बायका बोलत होत्या, मी इंग्रजीत आणत होते, त्या लिहीत होत्या. दीड तास! मध्येच मला म्हणाल्या की घराऐवजी अख्ख्या बिल्डिंगा वाटून घ्यायची ही पद्धत त्यांना चांगली ठाऊक आहे, तिला नाव आहे, फक्त ह्या लोकांचं स्वयंपाकघर भिंतीपलीकडे जातं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी ते काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, विचारलं कुठे होतं? हेही मी सांगितलं, शब्दन्‌शब्द. अम्मानच्या बाई पहिल्यांदाच खदखदून हसल्या. मी तर आनंदाने उडायचीच बाकी होते. निघताना काकूंनी त्यांना स्टीलचा डबा भरून चकल्या दिल्या. गाडीत बसताना मी धीर करून विचारलं, नवा अभ्यास सुरू होईल तेव्हा मी असेन का? त्या म्हणाल्या, इन्शाल्ला. झालं! मला एसीवाला आठवला आणि माझं सगळं वारं निघून गेलं.

पुढचे दहा दिवस मी ऑफिसात जायचे, पाकिटं परत मागवायचे, मोजायचे, एका कोपऱ्यात रचायचे. कोणी काही बोलेना. मी माझा कप घरी न्यायच्या विचारात होते. अकराव्या दिवशी टेबलावर काकूंचा स्टीलचा डबा. उचलला तर जड. आत खजूर भरलेले बिस्किटासारखे मामूल, वर पिठीसाखर. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, माझ्या आईने कधी कोणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही, हा डबा त्या बाईंना पोचव.

मी म्हटलं, एक मी खाऊ का? खा म्हणाल्या. मी मोडला आणि बोटांना लगेच कळलं. जरा खरखरीत. जरा जड. मी बाईंकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रचलेल्या पाकिटांकडे. वरचं एक पाकीट फोडलेलं. पिवळं.

बाईंचे कान लाल झाले. म्हणाल्या, अभ्यास तर बंदच झाला होता, चांगलं पीठ, फेकवेना.

मी खण उघडला, एक कोरा डेव्हिएशन फॉर्म काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं, 'कोणाकडून' ह्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग 'नोंद कोणी केली' ह्या रकान्यात माझं नाव, पुढे 'कम्युनिटी कोऑर्डिनेटर'. मी वाट बघत राहिले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. कंस नव्हता.